आवडीच्या कामाची मजुरी

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे पालकांची ये-जा वाढते. व्यापार-उद्योगाचे पान चालवणाऱ्याला धंद्यातले सारे कळते, असा एक गोड गैरसमज लोकांत आहे, आणि तो दूर करण्याची घाई आम्हीही कधी केली नाही. बहुतेक वेळा बाप तक्रार करतो की मुलगा दुकानात बसत नाही, त्याला नोकरी हवी. मुलगा खाली मान घालून बसलेला असतो. आम्ही दोघांना चहा पाजतो, दोन गोष्टी सांगतो आणि ते निघून जातात. पुढे मुलगा काय करतो हे सहसा आमच्या कानावर येत नाही.

परवाच्या जून महिन्यात मात्र उलटे प्रकरण आले. मिरजेचे एक वाद्य-कारागीर आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. मुलगा म्हणत होता की मी तंबोरेच बनवणार. आणि ज्यांची हयात तंबोरे बनवण्यात गेली ते वडील हात जोडून आम्हाला सांगत होते, "साहेब, याला चार शब्द समजावून सांगा. आयटीआयला एसी मेकॅनिकच्या कोर्सला जागा मिळते आहे. दोन वर्षांत हाताला काम, नंतर याचे मामा सौदीला बोलावून घेतील. आमच्या धंद्यात काय ठेवलंय?"

आम्ही त्या दिवशी चार शब्द सांगू शकलो नाही. का नाही, तेच या लेखात सांगायचे आहे.

मिरजेची ओळख बहुतेक वाचकांना आहे. मीरासाहेबांचा दर्गा, रेल्वे जंक्शन, दवाखाने आणि तंतुवाद्ये. उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात स्थायिक झाले आणि १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन करण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी गाणे होते. गावातील सतारमेकर गल्लीत आजही दुकानांच्या दारात अर्धवट झालेल्या सतारी टांगलेल्या दिसतात, आणि देशभरातले गवई व वादक या गल्लीचा पत्ता विचारीत येतात.

हा धंदा तेथे कसा आला, ते मात्र आजच्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तो आणणारे लोक शिकलगार होते. शिकलगार म्हणजे तलवारी, कट्यारी, भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल पक्का झाला, संस्थानांच्या फौजा आटल्या, तसा शस्त्रांना धार लावून घेणारा गिऱ्हाईक उरला नाही. मिरज संस्थानात गाण्या-बजावण्याला आश्रय होता आणि गवयांची वाद्ये बिघडली की दुरुस्त करणारे जवळपास कोणी नव्हते. फरीदसाहेब आणि त्यांच्या घरच्या मंडळींनी ते काम हाती घेतले. आधी दुरुस्ती, मग नवी वाद्ये. लोक त्यांना फरीदसाहेब सतारमेकर म्हणू लागले आणि धंद्याचे नावच घराण्याचे आडनाव होऊन बसले.

आता विचार करा, त्या पहिल्या शिकलगाराला सतारीची आवड होती काय? त्याला पोटाची काळजी होती. पोलादाला धार देणाऱ्या हाताने लाकूड आणि भोपळा धरला, तो चूल थंड पडू नये म्हणून. आवड आली ती नंतर, काम करता करता, हात बसल्यावर. आजकाल मुलांना सांगितले जाते की आधी आपली आवड शोधा, मग धंदा निवडा. आम्हाला हा क्रम नेहमीच बरोबर वाटत नाही. पुष्कळ लोकांना आवड सापडते ती कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आणि तीही हात बऱ्यापैकी चालू लागल्यावर. जे काम आपल्याला नीट येते, ते सहसा आवडूही लागते.

म्हणून त्या मुलाला आम्ही पहिला प्रश्न विचारला तो असा, "बाबा, तुला तंबोरा आवडतो की तंबोरा बनवणे आवडते?" या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. क्रिकेट आवडते म्हणून खेळाच्या सामानाचे दुकान टाकणारे आणि वर्षभरात कंटाळून बंद करणारे दोघेजण आम्ही पाहिले आहेत. दुकानात क्रिकेट नसते. तेथे उधारीची वही, मालाची मोजदाद आणि बिनपावतीचा बॅट परत करायला आलेला गिऱ्हाईक असतो.

मुलाने दिलेले उत्तर आम्हाला आवडले. तो म्हणाला, "चाचा, भोपळा साफ करायला कोणालाच आवडत नाही. मलाही नाही. पण तो दुसऱ्यानं केला तर मला चालत नाही."

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तंबोऱ्याचा खालचा गोल भाग खराखुरा भोपळा असतो. तो खायचा नव्हे, कडू जातीचा, जाड सालीचा. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला तो पिकतो. हंगामात तो विकत घ्यायचा, महिनोन्महिने वाळवायचा. मग पाण्यात भिजवून, कापून आतला गर खरवडून काढायचा, आकार धरावा म्हणून आत काटक्यांचा आधार देऊन पुन्हा वाळत ठेवायचा. खरवडताना उडणारी धूळ नाकातोंडात जाते. त्याच्यावर लाकडाची तबली बसते, वर पोकळ दांडी जोडली जाते, खुंट्या बसतात, नक्षी होते, पॉलिश होते, तारा चढतात. इतके सगळे झाले तरी वाद्य मुकेच असते. ते बोलते जवारीने.

जवारी म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानसीने आणि पॉलिश पेपरने असा घासणे की तार तिला नेमकी जितकी स्पर्शायला हवी तितकीच स्पर्शावी. केसभर जास्त घासले तर आवाज बसतो, कमी घासले तर तो कोरडा टणटणतो. बरोबर जमले की एका तारेतून अनेक स्वरांची गुंजन उठते. मोजायला यंत्र नाही, फूटपट्टी नाही. कारागीर घासतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. एका वाद्याला कधी एक तास लागतो तर कधी पुरा दिवस. आणि वाद्य वाजत राहिले की तारांच्या घर्षणाने घोडीवर खाचा पडतात, म्हणजे हे काम पुन्हा पुन्हा करावे लागते.

आम्ही वडिलांना विचारले, "जवारी काढून देण्याचे तुम्ही काय घेता?"

ते किंचित हसले. "ओळखीच्या गवयाकडून काय घ्यायचं? ते खूश होतात, दुवा देतात. आणि आपलाच तंबोरा असेल तर मग प्रश्नच नाही."

येथे आमच्या ध्यानात आले की घोटाळा मुलाच्या आवडीत नाही. घोटाळा बापाच्या हिशेबात आहे.

आम्ही कागद-पेन्सिल पुढे ओढली. खालील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, कोणाच्या दुकानाचे नाहीत, पण हिशेबाची रीत समजावी. समजा एक तंबोरा २५ हजारांना विकला गेला. लाकूड, भोपळा, तारा, नक्षीचे सामान आणि पॉलिश यांचे ११ हजार. जागेचे भाडे, वीज आणि हत्यारे यांचा वाटा २ हजार. राहिले १२ हजार. एका माणसाच्या हातचे वीस दिवस धरले तर रोज पडला ६०० रुपये. पुढल्या वर्षभरात त्याच वाद्याची दोन वेळा जवारी फुकट करून दिली, एकदा खुंटी बदलून दिली, त्यात दोन दिवस गेले. रोज आला साडेपाचशेच्या खाली. भोपळा आणि लाकूड वर्षभर आधी घेऊन ठेवले त्यात पैसा अडकला, तो कोणी मोजलाच नाही. बांधकामावरच्या गवंड्याला याहून जास्त मिळतात, आणि तो संध्याकाळी घरी गेल्यावर मालकाचा फोन घेत नाही.

वडील कागदाकडे बघत राहिले. नंतर म्हणाले, "म्हणूनच तर म्हणतो, याला एसीच्या कोर्सला घाला."

एका परीने त्यांचे बरोबर होते.

आमच्या समाजात ‘शौक’ हा शब्द फार महागात पडलेला आहे. ज्याला कामाचा शौक आहे त्याने पैशाबद्दल बोलू नये, असा एक संकेत आहे. गिऱ्हाईकही तोच धागा पकडून बोलते. ‘तुम्ही तर कलाकार माणसं, पैशाचं काय एवढं!’ ही स्तुती नाही, घासाघीस आहे. तीच व्यक्ती वातानुकूलन यंत्राच्या दुरुस्तीला आलेल्या माणसाला असे म्हणत नाही. तो दारात पाऊल टाकताच त्याची भेटीची फी ठरलेली असते, मग यंत्र दुरुस्त होवो वा न होवो. आणि कारागीर मात्र आयुष्यभर कमावलेल्या कानाची किंमत एका ‘वाह’मध्ये वसूल झाली असे मानून गप्प बसतो. असे एक पिढी चालते. पुढची पिढी बापाचे हाल पाहून बाहेर पडते, आणि मग परिसंवाद भरतात की पारंपरिक कला लोप पावत आहेत.

आवडीचे काम आणि पैशाचे काम अशी जी फाळणी केली जाते, तीच आम्हाला मान्य नाही. आवडीचे काम जर पूर्ण दामाने विकता येत नसेल, तर पुष्कळदा विकणारा संकोची असतो, एवढाच त्याचा अर्थ असतो. नेहमीच नव्हे. कधी कधी खरोखरच बाजार उठलेला असतो. त्याचे उदाहरण आमच्या घरातच आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमचे एक चुलतबंधू उत्तम कातिब होते. उर्दू छपाई त्या काळी हाताने लिहिलेल्या मजकुरावरून होत असे. कातिबाने बोरूच्या कलमाने नस्तालीक लिपीत पान लिहायचे, मग ते छापखान्यात जायचे. त्यांचे अक्षर पाहायला लोक येत. १९८९ साली आम्हीच त्यांना समजावले की या कामात घर चालणार नाही, कुवेतच्या एका गोदामात जागा आहे, जा. ते गेले. पाच वर्षांनी, १९९४ मध्ये, इनपेज हे संगणकावर नस्तालीक जुळवणारे सॉफ्टवेअर आले आणि बघता बघता कातिबांची लेखणी थांबली. हिशेबाने पाहिले तर आमचा सल्ला बरोबर ठरला. बंधूंनी घर बांधले, दोन बहिणींची लग्ने केली, २००३ मध्ये परत आले. आम्हाला त्यांनी कधी बोल लावला नाही.

पण त्यांना आम्ही एक गोष्ट विचारलीच नव्हती. तुला काय वाटते, हा एवढा साधा प्रश्न. परत आल्यावर एका लग्नपत्रिकेसाठी दोन ओळी लिहून मागितल्या, तेव्हा ते म्हणाले, "हात राहिला नाही." आता ते दुकानाच्या पाट्यांकडे बघत रस्त्याने चालतात आणि कोठे अक्षर चुकले ते मनाशी म्हणतात. त्यांच्या बरोबरीचे काही कातिब पाट्या, निमंत्रणे, सुलेखनाच्या तसबिरी यांकडे वळले आणि टिकले, काही टिकले नाहीत. आमचे बंधू टिकले असते की नाही, कोण सांगणार? निर्णय त्यांचा असायला हवा होता, तो आम्ही घेतला. मिरजेच्या त्या मुलाला चटकन चार शब्द सांगायला आमची जीभ वळली नाही ती यामुळे.

(मुलींना तर हा प्रश्न विचारण्याची वेळच आपल्याकडे येऊ देत नाहीत. त्याबद्दल स्वतंत्रपणे लिहावे लागेल.)

तंबोऱ्याचा बाजार कातिबाच्या वाटेने जाईल काय? भीती खोटी नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा येऊन चाळीसच्या वर वर्षे झाली. आता तर मोबाईलमध्ये तो फुकट वाजतो. शिकणारी मुले रियाझाला तोच लावतात. पण मैफलीत गवयाच्या मागे आजही खऱ्या तंबोऱ्यांची जोडी लागते, आणि जो माणूस पाच-दहा वर्षे यंत्रावर गायला आहे तो कधी तरी खरा तंबोरा घ्यायला निघतोच. बाजार लहान झाला आहे, मेलेला नाही. लहान बाजारात स्वस्त विकणारा आधी बुडतो. तेथे टिकायचे तर थोडे बनवावे, चांगले बनवावे, आणि दुरुस्तीचे पैसे घ्यावेत. खरे तर दुरुस्ती हाच या धंद्याचा कायमचा उत्पन्नाचा भाग होऊ शकतो, कारण वाद्य एकदाच विकले जाते आणि जवारी पुन्हा पुन्हा काढावी लागते. ज्या कामाचे नियमित पैसे मिळायला हवेत नेमके तेच फुकट द्यायचे, असा व्यवहार आम्ही दुसऱ्या कोणत्या धंद्यात पाहिलेला नाही.

सरकारी बाजूने दोन गोष्टी वाचकांना ठाऊक असाव्यात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पेढे वाटले गेले, फोटो निघाले. पण मानांकन गावाच्या मालाला मिळाले म्हणून गल्लीतला प्रत्येक जण आपोआप त्याचा शिक्का वापरू शकतो असे नाही. त्यासाठी प्रत्येक कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती केल्याशिवाय शिक्का कामाचा नाही, आणि बाहेरच्या कोणी ‘मिरजेची’ म्हणून खोटी सतार विकली तर तक्रार करतानाही नोंदणीचाच कागद पुढे करावा लागेल. ज्यांची झालेली नाही त्यांनी ती करून घ्यावी.

दुसरी गोष्ट पीएम विश्वकर्मा योजनेची. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत कारागिरांना आधी १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज मिळण्याची सोय आहे, हत्यारांसाठी मदत आहे. त्यात अठरा व्यवसाय धरले आहेत. सुतार आहेत, कुंभार आहेत, शिंपी आहेत, आणि शस्त्रे बनवणारेही आहेत. वाद्ये बनवणारे नाहीत! म्हणजे पणजोबा शिकलगारच राहिले असते तर आज पणतूला अर्ज करायला सोपे गेले असते. आम्ही हे सांगितले तेव्हा मुलगा मोठ्याने हसला. वडील हसले नाहीत.

आता दुसऱ्या एका मार्गाबद्दल. आवडीचे काम हेच पोटाचे काम असले पाहिजे असा आग्रह काही तरुण धरतात. तोही आम्हाला फाजील वाटतो. मालेगावचे उदाहरण घ्या. यंत्रमागांचे गाव. शुक्रवारी माग बंद असतात आणि शुक्रवार हा तेथे सिनेमाचा दिवस. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातल्या मित्रांना जमवून २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. साध्या कॅमेऱ्यावर, गावातल्याच जागांवर, गावातलीच माणसे घेऊन. पुढे त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढायला घेतला, तेव्हा मागावर काम करणारा शफीक शेख सुपरमॅन झाला होता. त्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट काढला, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा मोठा चित्रपट देशभर लागला. मालेगावच्या मंडळींपैकी बहुतेकांनी पोटासाठी माग, दुकान, मजुरी सोडली नव्हती. पोटाला एक काम आणि जिवाला एक, अशी ती विभागणी होती. ज्याची आवड विकण्यासारखी नाही, किंवा विकायला काढली की ज्याची गोडीच जाते, त्याने असे करण्यात काही कमीपणा नाही. तसे करणाऱ्याला ‘याने स्वप्न सोडले’ म्हणून हिणवणारे लोक स्वतः बहुधा पगारी असतात.

पण तंबोऱ्याचे काम रविवारी करण्याजोगे नाही. जवारीचा कान रोजच्या कामाने तयार होतो आणि काम सुटले की तोही जातो. आमच्या बंधूंचा हात गेला तसाच. म्हणून या मुलाला ‘आधी एसी शीक, पैसे कमव, मग हौस भागव’ असे सांगणे म्हणजे गोड शब्दांत नाहीच म्हणणे झाले असते.

त्या दिवशी दोन तास बसून आम्ही जे ठरवले ते असे. मुलाला दोन वर्षे द्यायची. एसीचा कोर्सही दोनच वर्षांचा आहे, तेव्हा वडिलांनी समजावे की मुलगा कोर्सला गेला आहे, फक्त वर्ग त्यांच्याच कारखान्यात भरतो. या काळात घरातून त्याला जेवण मिळेल, खर्चाचे पैसे मात्र त्याने दुरुस्तीतून काढायचे. भोपळा खरवडण्यापासून पॉलिशपर्यंत सगळे त्याने करायचे. प्रत्येक वाद्याला किती दिवस लागले ते वहीत लिहायचे, कारण आजवर त्या कारखान्यात पैशाची वही होती, पण दिवसांची वही कधीच नव्हती. आणि सर्वांत महत्त्वाचे, जवारीचा दर पाटीवर लिहून दारात लावायचा. ओळखीच्यांनाही तोच.

या शेवटच्या अटीवर वडील अडून बसले. "चाळीस वर्षे ज्यांच्याकडून घेतले नाहीत त्यांच्याकडून आता कोणत्या तोंडाने मागू?"

मुलगा म्हणाला, "अब्बा, तुम्ही मागू नका. मी मागतो."

दोन वर्षांनी वहीत जर असे दिसले की घर चालत नाही, तर मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगायचे आणि आयटीआयचा अर्ज भरायचा, यालाही तो कबूल झाला. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा असेल. एकवीसला एसी शिकता येत नाही असे कोणी म्हणणार नाही. पालकांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. घरात एकच कमावता असतो, बहिणीचे लग्न असते, आईचे औषध असते. ज्या मुलाच्या घरात आज संध्याकाळची चूल पेटण्याची पंचाईत आहे त्याला आम्ही दोन वर्षे थांब असे सांगणार नाही. तेथे मिळेल ते काम आधी. पण या घरात चूल पेटत होती, फक्त हिशेब होत नव्हता.

गेल्या महिन्यात मुलाचा फोन आला. भौगोलिक मानांकनाच्या वापरकर्त्याचा अर्ज कसा भरायचा ते विचारत होता. बोलता बोलता म्हणाला, पावतीपुस्तक छापून घेतले आहे, जवारीच्या अकरा पावत्या फाटल्या आहेत आणि एकाही गवयाने कुरकुर केली नाही. एक जण तर म्हणाले की इतकी वर्षे फुकट करून घेताना आम्हालाच लाज वाटत होती, म्हणून दोनदा यायचे ते एकदाच येत होतो.

"मग अडचण काय आहे?" आम्ही विचारले, कारण आवाजात तक्रार होती.

"अब्बा," तो म्हणाला. "मी आत गेलो की प्रत्येक पावतीतले शंभर रुपये परत करतात."